स्पंज पिळताना

पुढच्या तासाभरात कुठे जायचं नसेल, गॅसवर काही ठेवलेलं नसेल, अशी वेळ माशांच्या टाकीतला फिल्टर धुवायला निवडा. एक बादली लागेल, जिला साबण कधीच लागलेला नाही अशी. माशांच्या टाकीसाठी एक बादली कायमची वेगळी ठेवलेली बरी, कारण फिनेल किंवा साबणाचा अंश प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत बसला की कितीही खंगाळा, पूर्ण जात नाही. सोबत एक लांब नळी, मग, दात घासायचा जुना ब्रश आणि सुती फडकं. डोळे पाण्याच्या पातळीत येतील असे टाकीसमोर बसा. अजून पाण्यात हात घालायचा नाही.

टाकी आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असते तशीच धरू. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. हिशेबाने ५६ लिटर, पण तळाची खडी, दगड आणि वर सोडलेली जागा वजा केली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास. आत गप्पी, मॉली, तळाशी हुंगत फिरणारे दोन-चार कोरी. कोपऱ्यात रबरी कपांनी काचेला चिकटवलेला फिल्टर: खाली स्पंजाचे दोन तुकडे, वर छोटी मोटर, आणि मोटरीच्या तोंडातून निघणारी पाण्याची धार.

आधी ती धार बघा. महिन्यापूर्वी ती समोरच्या काचेपर्यंत जात होती. आता मध्येच खाली वळते का? वाटेतलं पाणवनस्पतीचं पातं पूर्वीइतकं झुलतं का? फिल्टर धुवायची वेळ झाली की नाही, हे धारेकडे बघूनच ठरवावं. धार जोरात असेल तर आज काहीच करू नका, नुसते बसा आणि उठा. रविवार आला म्हणून धुतला, पाहुणे येणार म्हणून धुतला, अशा धुण्याने टाकीचं जेवढं नुकसान होतं तेवढं चार दिवस उशीर केल्याने होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

धार मंदावली आहे असं समजू. तरी थोडं थांबा आणि एक मासा निवडा. फिकट रंगाची मॉली असेल तर तीच निवडा, तिच्या कल्ल्यावरचं झाकण नीट दिसतं. नजर तिच्याबरोबर फिरू द्या. तोंड उघडतं, मिटतं, आणि लगेच झाकण किंचित उचललं जातं. तोंडातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. जाताना त्यात ऑक्सिजन होता, येताना त्यात अमोनिया आहे. माशाने खाल्लेल्या प्रथिनांतला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः या वाटेने बाहेर पडतो. तळाशी पडलेली विष्ठा आपल्याला दिसते, म्हणून ती आपल्याला खुपते. कल्ल्यातून निघणारं काही दिसत नाही. तुम्ही बघताय तेवढ्या वेळात ती मॉली कितीतरी वेळा श्वास घेऊन गेली, आणि दर श्वासागणिक ते या ४५ लिटरमध्ये मिसळलं.

नदीत ते वाहून गेलं असतं. ओढ्याला पाणी कमी असलं तरी ते पुढे सरकत असतं. इथे चारी बाजूंनी काच आहे. पाणी जितकं कोमट आणि जितकं अल्कधर्मी, तितका त्यातल्या अमोनियाचा जास्त हिस्सा विषारी रूपात राहतो. एप्रिल-मेमध्ये, त्यातही बोअरच्या जड पाण्यावर टाकी चालवणाऱ्यांना हे दुप्पट जाणवतं, कारण तेव्हा पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळतो, तो तीस अंशांना साडेसातवर येतो.

तरीही ती मॉली ठीक आहे. पंख उघडे आहेत, रंग चढलेला आहे. आता तिच्या कल्ल्यापासून स्पंजापर्यंतची वाट सावकाश नजरेने चाला. मोटर पाणी खाली ओढते, ते स्पंजाच्या भोकाभोकांतून जातं आणि वरून बाहेर पडतं. त्या मधल्या दोन इंचांत काही तरी घडतं. स्पंजाच्या धाग्यांना चिकटून जिवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर असतो. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही घातकच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, आणि पाण्यात हवा भरपूर असूनही मासा वर येऊन तोंड वासतो. पण त्याच थरात दुसरे जिवाणू असतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट बऱ्याच प्रमाणात माशांना सोसतं. तेवढं मग वनस्पती घेतात किंवा पाणी बदलताना आपण काढतो.

हे जिवाणू ओळखायला माणसाला बराच वेळ लागला. १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की यांनी ते वेगळे करून दाखवले. तोवरच्या प्रयोगशाळांत जिवाणू वाढवायचे म्हणजे जिलेटिनवर, भरपूर सेंद्रिय अन्न देऊन. त्यावर हे वाढतच नसत. विनोग्राद्स्कींनी त्यांना सेंद्रिय अन्न द्यायचंच बंद केलं, तेव्हा ते हाती लागले. अमोनियापासून शक्ती आणि पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडपासून शरीर, एवढ्यावर ते जगतात. कामं दोन आणि करणारे वेगवेगळे, हेही त्यांनीच दाखवलं. पुढे शंभर वर्षं पुस्तकांत दुसऱ्या कामासाठी नायट्रोबॅक्टर हेच नाव छापलं जात होतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम प्रत्यक्षात नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. २०१५ मध्ये तर नायट्रोस्पायराच्याच काही जाती दोन्ही कामं एकट्याने करतात असं आढळलं. त्यातला एक शोध मासे वाढवण्याच्या यंत्रणेला जोडलेल्या फिल्टरमधल्या नमुन्यातून लागला. म्हणजे समोरच्या कोपऱ्यात काय चाललंय ते नीट कळून फार वर्षं झालेली नाहीत.

एवढं मनात घेऊन आता हात चालू द्या. नळीने टाकीतलं दहा-बारा लिटर पाणी बादलीत घ्या. ओढता ओढता नळीचं टोक खडीत खुपसा, तळाचा गाळ वर येईल. मग कोरड्या हाताने प्लग काढा. मोटरीचा आवाज बंद होतो, धार थांबते, मासे क्षणभर बावचळतात. घाबरू नका, इतका वेळ त्यांना चालतो.

फिल्टर उचलताना त्याखाली पाण्यातच एक मोठी वाटी धरा, नाहीतर स्पंजातला गाळ सुटून सगळ्या टाकीत पसरतो. बोटं सैल ठेवा, दाबू नका. थेट बादलीत न्या. दोन तुकड्यांतला एकच काढा. दुसरा तसाच बादलीतल्या पाण्यात पडू द्या, त्याला आज हात लावायचा नाही.

काढलेला तुकडा पाण्याखाली धरून एकदाच पिळा.

तपकिरी ढग निघतो. घट्ट, जड, खाली बसत जाणारा. तो बसेपर्यंत बघा. बोटांना बारीक कण लागतात, पण बोचत नाहीत. ओंजळभर पाणी नाकाशी धरा. निरोगी स्पंजाला ओल्या मातीचा वास येतो. सडक्या अंड्याचा वास आला तर समजायचं, आत कुठे तरी पाणी पोचत नव्हतं, हवा संपली होती आणि तिथे वेगळेच जिवाणू वाढले होते. मग धुवायला खरंच उशीर झालेला असतो. त्या गाळात काय काय आहे! न खाल्लेल्या दाण्यांचा चुरा, विष्ठा, कुजलेलं पान, आणि त्या सगळ्यावर जगणारे शेकडो सूक्ष्म प्राणी. शाळकरी सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला तरी चक्रधर प्राणी भिरभिरताना दिसतात. घरात मूल असेल तर ही संधी सोडू नका.

दुसऱ्यांदा पिळा. तिसऱ्यांदा. पाणी अजून गढूळच येतंय.

इथे हात थांबवा आणि त्या हाताला काय वाटतंय ते बघा. त्याला चौथ्यांदा पिळायचंय. पाचव्यांदा, सहाव्यांदा, पाणी नितळ येईपर्यंत. त्याला स्पंज उचलून नळाखाली धरायचाय आणि मूळचा निळा रंग बघायचाय. लहानपणापासून आपण हेच शिकलो. भांडं लख्ख, ओटा पुसलेला, कपड्याचं शेवटचं पाणी स्वच्छ निघालं पाहिजे. ही सवय चांगली आहे, तिने घरं निरोगी ठेवली आहेत. फक्त या एका कामात तिला आवरावं लागतं. स्पंज पिळल्याने सुटतो तो सैल गाळ. जिवाणूंनी स्वतःभोवती केलेला चिकट थर धाग्यांना धरून राहतो. तो काढण्यासाठी रगडावं लागतं, आणि तेच करायचं नाहीये. तुकडा थोडा मळकट, थोडा बुळबुळीत राहिला, आणि पाणी त्यातून मोकळेपणाने जातंय, म्हणजे झालं.

कारण तो थर गेला की लवकर परत येत नाही. आतड्यातला ई. कोलाय सगळं मनासारखं असताना वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना त्यासाठी पाऊण-एक दिवस लागतो, पुष्कळदा त्याहून जास्त. नवी टाकी माशांना राहण्याजोगी व्हायला चार ते सहा आठवडे लागतात ते याच कारणाने.

आणि घरोघरी नेमकं काय होतं? मुलाच्या वाढदिवसाला टाकी येते, त्याच दिवशी आठ-दहा मासे येतात. दुसऱ्या आठवड्यात पाणी धुरकट होतं, एक मासा मरतो. घरातलं कुणी तरी काळजीपोटीच सगळं रिकामं करतं, खडी उकळत्या पाण्यातून काढतं, स्पंज साबणाने धुऊन गच्चीत उन्हात वाळवतं. टाकी चकचकीत होते, आणि तीन दिवसांत आणखी मासे मरतात. पाणी मानवलं नाही, म्हणतात. पुन्हा धुतात. दिवाळीची साफसफाई हा आणखी एक कठीण काळ. घरातलं सगळं खाली निघतं, तेव्हा चांगली वर्षभर चाललेली टाकीही निघते. शेवटी ती काचेची पेटी माळ्यावर जाते, आणि मूल समजतं की आपल्याकडे मासे जगत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं. त्या घरात निष्काळजी कुणीच नव्हतं. जेवढी काळजी जास्त, तेवढं धुणं जास्त, एवढंच झालं.

मळाबरोबर त्यातले जिवाणू फेकायचे नसतात, ही गोष्ट मोठमोठ्या इंजिनिअरांनाही सहज सुचली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँचेस्टर शहर आपल्या सांडपाण्याचं काय करावं या विवंचनेत होतं. सांडपाण्यात हवा सोडली की ते सुधारतं हे माहीत होतं, पण फार वेळ लागे. डेव्हिहुल्मच्या केंद्रावर एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून त्यात हवा सोडत ठेवली. सगळा अमोनिया नायट्रेटमध्ये जायला पहिल्या वेळी सुमारे पाच आठवडे लागले. नव्या टाकीला लागतात तेवढेच. मग त्यांनी वरचं पाणी ओतून टाकलं, तळाशी बसलेला गाळ मात्र ठेवला आणि त्यावर नवीन सांडपाणी घातलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर पाच आठवड्यांचं काम एका दिवसावर आलं. १९१४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. त्यांना ज्यांनी या वाटेला लावलं ते गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. आज आपल्या शहरांतल्या कितीतरी सांडपाणी केंद्रांत मोठमोठ्या हौदांतून तोच राखलेला गाळ फिरत असतो.

मग धुवायचंच कशाला, असं मनात येईल. येऊ द्या, प्रश्न रास्त आहे. गाळ साचत राहिला तर तो स्वतःच ऑक्सिजन खातो. कुजणाऱ्या अन्नावर भराभर वाढणारे जिवाणू या संथ मंडळींवर थर चढवतात. पाणी स्पंजातून जायचं सोडून बाजूच्या फटीतून पळतं. या जिवाणूंना हवाही भरपूर लागते: अमोनियातला एक ग्रॅम नायट्रोजन नायट्रेटपर्यंत न्यायला साडेचार ग्रॅमहून जास्त ऑक्सिजन खर्ची पडतो. तो त्यांच्यापर्यंत वाहत्या पाण्यानेच पोचतो. म्हणून पिळायचं ते वाट मोकळी करण्यापुरतं.

नळाच्या पाण्याबद्दलही शांतपणे विचार करा. पिण्याच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेलं असतं. भारतीय मानकानुसार ते नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं असावं लागतं, आणि पावसाळ्यात तर कधीकधी वासही येतो. स्पंज क्षणभर नळाखाली धरला तर सगळं संपतं असं मी म्हणणार नाही, चिकट थर थोडा बचाव करतो. पण टाकीचंच पाणी बादलीत समोर असताना नळाकडे जायची गरजच काय?

आता मोटर. हिला मात्र कसलीच दयामाया नको, इथे काही राखायचं नाहीये. पुढचं झाकण फिरवून काढा, आतला छोटा पंखा आणि त्याला जोडलेलं चुंबक अलगद बाहेर ओढा. इम्पेलर म्हणतात तो हाच. त्यावर शेवाळ असेल, एखादा केस गुंडाळलेला असेल. ब्रशने घासा. मधला दांडा बहुधा चिनी मातीचा असतो, वाकवायला गेलात तर तुटेल. जड पाण्याच्या गावांत चुंबकाच्या खोबणीत पांढरा खडू बसतो. तो सुटत नसेल तर हे दोन भाग अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. मोटर घरघरत असेल तर दहात नऊ वेळा कारण इथेच सापडतं. फिल्टरमध्ये कोळसा किंवा पांढरा कापूस असेल तर ते ठरावीक दिवसांनी बदलायचे भाग आहेत. स्पंजाला ते लागू नाही. तो फाटून भुगा व्हायला लागेपर्यंत, म्हणजे कधीकधी काही वर्षंसुद्धा, टिकतो.

सगळं जोडा. धुतलेला आणि न धुतलेला, दोन्ही तुकडे आत. कोणता आज धुतला ते कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहा, पुढच्या वेळी दुसऱ्याची पाळी. नवं पाणी टाकताना त्यात आधी अँटिक्लोरिन मिसळा आणि हाताला दोन्ही पाणी सारखंच लागतंय ना बघा. मगाने हळूहळू, काचेवरून ओघळू देत घाला. वायर सॉकेटकडे थेट चढत जात असेल तर तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. मग प्लग लावा. मोटर आधी हवा ओकते, गुरगुरते, दोन-चार बुडबुडे येतात आणि धार सुरू होते.

ती समोरच्या काचेपर्यंत पोचली का?

वीज गेली तर काय करायचं, याचाही आत्ताच विचार करून ठेवा, भारनियमनाच्या दिवसांत सुचत नाही. टाकीतल्या उघड्या स्पंजाला आजूबाजूच्या पाण्यातून थोडी हवा मिळत राहते. बाहेर ठेवायच्या बंद डब्याच्या फिल्टरला ती मिळत नाही. तो काही तास बंद राहिला तर आतलं पाणी टाकून, टाकीच्या पाण्याने खंगाळूनच पुन्हा सुरू करावा, नाहीतर आतलं सडलेलं पाणी थेट माशांवर येतं. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, तो घरात असावा. एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, म्हणजे तो थांबल्यावर पाणी नळीतून उलटं येणार नाही.

बादलीतलं तपकिरी पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट आहे, गाळ आहे. तुळशीला घाला, खिडकीतल्या मनीप्लँटला घाला. आज माशांना खाणं नेहमीच्या निम्मं द्या, स्पंजावरचा भार एक दिवस कमी राहील.

आणि शेजारी-पाजारी, सोसायटीत, नात्यात कुणाकडे नवी टाकी आली असेल, मूल रोज काचेला नाक लावून बसत असेल, तर तुमच्या माशांना काही आजार नाही याची खात्री करून न धुतलेल्या स्पंजाचा बोटभर तुकडा कात्रीने कापा. विरजणासारखा तो त्यांच्या फिल्टरमध्ये ठेवला की नव्या टाकीचे आठवडे बरेच कमी होतात. पिशवीत टाकीचं थोडं पाणी घेऊन त्यात तो भिजलेला ठेवा, पिशवीत वर हवा राहू द्या, ऊन लागू देऊ नका आणि तासाभरात पोचवा. महिनाभर तो कुणीही धुवायचा नाही, हे त्या घरातल्या सगळ्यांना सांगून या, घरकामाला येणाऱ्या मावशींनासुद्धा.